पाच माणसांचं घर

१

घरात माणसं किती, असं कुणीही विचारलं तरी पाच म्हणायचं. मोजायला बसायचं नाही, अडखळायचं नाही, आणि का म्हणून विचारायचं तर मुळीच नाही. हा नियम आपल्याला कुणी आणि कधी शिकवला ते हेमांगीला आठवत नव्हतं. दात घासण्यासारखा तो अंगवळणी पडला होता.

घरात माणसं होती चार. बाबा, आई, बाबांची मोठी बहीण मंदाआत्या आणि हेमांगी स्वतः. तिसरीत असताना 'माझे कुटुंब' या निबंधात तिने चौघांची नावं लिहिली आणि शेवटी लिहिलं, असे आम्ही पाच जण सुखाने राहतो. बाईंनी 'पाच'भोवती लाल गोल काढून शेजारी 'बेरीज?' असं लिहिलं. घरी बाबांनी तो लाल गोल बराच वेळ पाहिला आणि वही मिटून म्हणाले, "बरोबर लिहिलंयस तू."

एक्क्याण्णवच्या जनगणनेला एक मास्तर फळी आणि कागद घेऊन आले, तेव्हा आईने पाचवं नाव सासूबाईंचं सांगितलं. गावाला गेल्यात म्हणाली. सासूबाई समोरच्या भिंतीवर चंदनाच्या हारात होत्या. मास्तरांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा आईकडे पाहिलं, आणि मुकाट्याने लिहून घेतलं. ते गेल्यावर हसू दाबत हेमांगीने आत्याला विचारलं, हा काय पोरखेळ लावलाय. आत्या हसली नाही. मोठ्यांनी काही ठरवलेलं असतं, लहानांनी त्यात नाक खुपसायचं नसतं, एवढंच म्हणाली.

"मी अठरा वर्षांची आहे, आत्या."

"इतकी वर्षं पाळलंस ना? मग अजून पाळ."

२

त्यांचं घर भाईंदर पश्चिमेला, राईकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका एकमजली इमारतीच्या तळमजल्यावर होतं. पुढे व्हरांडा, मध्ये एक खोली, मग स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघराच्या मागे जाळीची गॅलरी, पायवाटेकडेही उघडणारी. गॅलरीच्या पलीकडे पायवाट, आणि पायवाटेपलीकडे मिठागर. इमारतीची जमीन राईच्या पुंडलिककाकांची. त्यांच्या वडिलांनी ना जमीन विकली होती ना घरं. सहाही घरं वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली होती. शहात्तर साली गिरगावातली खोली सोडून बाबा इथे आले तेव्हा हेमांगी तीन वर्षांची होती.

पुंडलिककाका घरात कधी आले नाहीत. दर दिवाळीला सायकल रस्त्यावर टेकवून तिथूनच विचारायचे, "सायेब, मानसं किती हायत घरान?" बाबा खिडकीतून सांगायचे, "पाच." काका मान हलवायचे आणि जायचे.

शहाण्णवच्या फेब्रुवारीत पट्ट्याची मुदत संपत आली. इतर पाच घरांची मुदत काकांनी वाढवून दिली होती. यांच्यासाठी त्यांनी निरोप पाठवला की पुढली वीस वर्षं ज्याला निभवायची आहेत त्याने सही करावी. म्हणजे हेमांगीने. बाबांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, डोळ्यावर हिरवी पट्टी होती, त्यामुळे जुना कागद वाचायचं कामही तिच्याकडे आलं. बाबा म्हणाले, शेवटचं पान तेवढं बघ, मुदतीचं. हेमांगीला शेवटचं पान तेवढं बघ म्हणणं म्हणजे पहिल्या पानापासून वाच म्हणणं. तिने ओट्याला टेकून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

सातव्या कलमाशी तिचा आवाज उतरला. 'सदर जागेवर पूर्वीपासून झोपडी करून राहणारी सरूबाई हिला लिहून घेणार यांनी आपल्या कुटुंबातील माणूस समजून मागील गॅलरीत हयातभर ठेवावे. तिची वस्ती मोडल्यास पट्टा संपला असे समजावे.' खाली घरातल्या माणसांची यादी होती. पाच नावं. पाचव्या नावापुढे अंगठा, आणि अंगठ्याच्या ठशात मधोमध एक आडवी चीर.

"ही सरूबाई कुठे आहे?"

आई तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला.

"तारोडीला गेली," बाबा म्हणाले. "बहिणीकडे."

"कधी?"

"तू लहान होतीस."

"आणि परत आलीच नाही?"

"हेमा," आत्या म्हणाली, "दूध उतू जाईल बघ."

दूध गॅसवर नव्हतंच.

३

गॅलरीत कुणी बसत नसे. तिथे जुना स्टोव्ह होता, गणपतीची मखरं होती, रॉकेलचा डबा होता. आई कपडे वाळत घालण्यापुरती जाई. आत्या तर उंबऱ्यातून कपडे आईच्या हातात देई, पण पाय आत ठेवत नसे. गुडघे दुखतात म्हणे. ते गुडघे वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला जाताना मात्र दुखत नसत.

आणि लोणा, भिंतीतून फुटून येणारं पांढरं मीठ. मिठागराजवळची इमारत, भिंतीला लोणा लागायचाच. वरच्या घरांनाही लागे, पण तिथे तो छताशी नाहीतर जमिनीलगत, जिथे ओल चढते तिथे. यांच्या गॅलरीतला लोणा स्वयंपाकघराच्या दाराशेजारी होता. जमिनीपासून वीतभर सुटून सुरू होई आणि कमरेच्या उंचीवर संपे. खाली रुंद, वर निमुळता. दर वर्षी बाबा त्यावर चुना मारत, दर वर्षी तो तसाच फुटून येई. हेमांगी ते लहानपणापासून पाहत आली होती, आणि पाहत आल्यामुळेच तिला कधी दिसलं नव्हतं.

पुंडलिककाका येणार तर भिंत नीट दिसायला हवी, म्हणून त्या सोमवारी तिने रजा टाकून स्वतःच काम काढलं. आत्या बाबांबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली होती, आई बाजारात. हेमांगीने पत्र्याने भिंत खरवडली. पांढरी भुकटी झरझर खाली पडली. तोंडात खारट चव आली आणि त्या चवीबरोबर काहीतरी वर आलं. मशेरीचा वास. भेगाळलेला एक तळहात, त्यात मिठाचा खडा. "जिभंखाली धर, बाय. चावू नको." म्हणजे सरूबाई आपल्याला माहीत होती. आपण तिच्या मांडीवर बसत होतो.

मग ती गेल्याचं आपल्याला का आठवत नाही?

तिने दोन हात चुना मारला. भिंत लख्ख झाली. बुधवारी सकाळी दोरीवरचे कपडे काढायला गेली तर डाग परत आला होता. दोन दिवसांत. हवा दमट आहे, तिने स्वतःला समजावलं, चुना कच्चा होता, आधी खळ लावायला हवी होती. मग ती सहज म्हणून खाली बसली, डागासमोर, आणि तिला कळलं की हा ओलीचा आकार नाही. भिंतीला पाठ टेकून कुणी खूप वर्षं बसलं, तर पाठीचा जो आकार उरेल तो हा आकार आहे. खालच्या फरशीवर सगळीकडे भुकटी होती. पाट मावेल एवढी जागा मात्र कोरी, जणू आत्ताच कुणी उठून गेलं.

ती आत आली आणि तिने गॅलरीच्या दाराची कडी लावली. लावताना तिचा हात थांबला. ही कडी अशी, इतक्या सावकाश, आवाज होऊ न देता लावायची, हे आपल्या हाताला कसं ठाऊक?

४

सहीचा दिवस ठरवायला बाबांनी तिलाच राईला पाठवलं. वाटेत रिक्षात तिने मनाशी पक्कं केलं की सगळं सांगून टाकायचं. सरूबाई घरात नाही. मी लहान होते तेव्हापासून नाही. आमच्या लोकांनी तुम्हाला फसवलं. पुढे जे व्हायचं ते होवो. तेवीस वर्षांची, एम.ए. झालेली मुलगी एका म्हाताऱ्याला खरं सांगायला का घाबरेल?

पुंडलिककाका ओसरीवर जाळीची खुर्ची टाकून बसले होते. तिला पाणी आलं, चहा आला. ती तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "सरूबाय बरी हाय ना?"

हेमांगी पेल्याकडे बघत राहिली.

काका आपल्याच तंद्रीत सांगू लागले. बापाने म्हातारीला शब्द दिला होता, तुझी जागा तुझीच. मीठ ओढून तिने त्यांची दोन पोरं जगवली होती एका दुष्काळात, त्यातलं एक ते स्वतः. जागा तिची, म्हणून तिने बोलावल्याशिवाय त्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही असा बापाचा हुकूम. ती कधी बोलवत नाही. पण मिठागरावर जाता-येता पायवाटेवरून दिसते. भिंतीला टेकून बसलेली असते. हात वर करते.

"नव्वदीची झाली आसंल," ते म्हणाले, "पन ताठ बसते. तुमी लोकांनी सांबाळली, पुण्य हाय. ती हाय म्हनून तुमचं छप्पर हाय बग. उंद्या ती तिथं न्हाय म्हनली, तं मला जागा परत घ्यावी लागंल. मला नको हाय, पन बापाचा शब्द."

"काका," हेमांगी कशीबशी म्हणाली, "तुम्ही तिला कधी पाहिलंत शेवटचं?"

"सोमवारीच. तू व्हतीस की बाजूला. भितीला चुना लावत व्हतीस, आनि ती तुझ्याकडं बगत बसलेली."

बाहेर कोंबड्या ओरडत होत्या. चहावर साय धरली होती. म्हाताऱ्याची नजर अधू झाली असेल. दिवसांची गल्लत झाली असेल. गॅलरीत मखर होतं, त्यावर जुनं लुगडं टाकलेलं होतं, तेच त्याला माणूस वाटलं असेल. हे सगळं तिने भराभर मनात मांडलं, आणि मनात मांडता मांडता तिच्याच तोंडून शब्द गेले, "हो. बरी आहे."

परत येताना रिक्षात तिला स्वतःचीच किळस आली. घरच्यांना खोटारडे म्हणायला निघालेली ती, आणि सांगितलं काय? तेच. पाच.

५

तिने ते घरात सांगितलं तेव्हा आई देवघरासमोर जाऊन बसली. बाबा बराच वेळ पट्टी चाचपत राहिले. आत्याने मात्र एका दमात निकाल लावला. तो मलाच बघत असेल, म्हणाली. लांबून म्हातारी बाई म्हणजे म्हातारी बाई.

"तू गॅलरीत जातच नाहीस."

"रविवारी जाईन," आत्या म्हणाली.

त्यांचं ठरलेलं होतं. रविवारी चार वाजता काका व्हरांड्यात बसतील, आत येणार नाहीत. आत्या नऊवारी नेसून, तोंडावर पदर घेऊन गॅलरीत बसेल, म्हणजे काका मागून डोकावले तरी हरकत नाही. कागद आत जाईल, आत्या अंगठा देईल, आणि हा अंगठा सरूबाईचाच म्हणून हेमांगी सही करेल. मग वीस वर्षं बघायला नको.

हेमांगीचा तोल सुटला. एका म्हातारीला घालवून दिलंत आणि आता तिचा अंगठाही चोरताय, म्हणाली. मी यात नाही. तुमचं पाप तुम्ही निस्तरा.

"आमचं?" आत्या शांतपणे म्हणाली. "खोकायची ती. रात्रंदिवस. तू सहा वर्षांची, सारखी तिच्या मांडीवर. तुझ्या छातीत काही शिरलं असतं म्हणजे? चार दिवस तारोडीला गेली, ती संधी साधून कडी लावली आम्ही. तुझ्यासाठी लावली. आणि परत आली तेव्हा तिला सांगितलं कोणी? आम्ही तर तोंड उघडलं नव्हतं, हेमा. सांगितलंस तू."

तेव्हा तिला ते आठवलं. सगळं, एका क्षणात, जणू ते कायम तिथेच होतं आणि कुणी फक्त दिवा लावला.

तिन्हीसांजेची वेळ. स्वयंपाकघरात दिवा लावलेला नाही. बाबा, आई आणि आत्या भिंतीला चिकटून उभे. गॅलरीकडून दारावर थाप. "घरान कोनी हाय का?" आई तोंडावर बोट ठेवते, मग वाकून तिच्या कानात काहीतरी सांगते, आणि पाठीवर हात ठेवून तिला दाराकडे ढकलते. खेळच तो. सहा वर्षांची हेमांगी दाराला तोंड लावून म्हणते, "घरात कोणी नाही."

मग सरूबाई हसते. तिलाही तो खेळच वाटला असावा.

"कोनी न्हाय, तं बोलतं कोन?"

हेमांगी आईकडे बघते. आई मान हलवते. हेमांगी पुन्हा म्हणते, "कोणी नाही." या वेळी बाहेरून हसू येत नाही. भिंतीला टेकून कुणीतरी हळूहळू खाली बसल्याचा आवाज येतो, लुगडं भिंतीला घासल्याचा.

"सकाळी?" तिने विचारलं. "सकाळी काय होतं गॅलरीत?"

"बोचकं," बाबा म्हणाले.

"आणि ती?"

आत्या उठून ओट्यावरची भांडी लावू लागली.

६

रविवारी सही करायला हेमांगी तयार झाली ती कुणाच्या समजावण्याने नाही. आईचं रडणं तिने ऐकून घेतलं, बाबांचं निवृत्तीच्या वयात जायचं कुठे हेही ऐकलं. पण तिला हलवलं ते एका साध्या हिशेबाने. तिच्या तोंडच्या तीन शब्दांवर हे छप्पर सतरा वर्षं उभं होतं, तेव्हा ते पाडायचा हक्क तरी तिला कुठे उरला होता?

चार वाजता पुंडलिककाका आले. व्हरांड्यात खुर्चीवर बसले, नवा कागद आत पाठवला. माणसांची यादी त्यांनी कोरी ठेवली होती, अंगठा झाला की मी लिवतो म्हणाले. बाबा मधल्या खोलीतून जुना कागद घेऊन आले. आईने गॅलरीच्या जाळीवर आधीच चादर बांधली होती, त्यामुळे भर उन्हाची वेळ असून आत अंधूक होतं.

हेमांगी शाईचा पॅड आणि कागद घेऊन गॅलरीत गेली. नऊवारीतली आकृती भिंतीला टेकून बसली होती, बरोबर त्या डागावर, पदर हनुवटीपर्यंत. इतकं सोंग करायची गरज नव्हती, तिच्या मनात आलं. गेल्या दोन दिवसांत तिला आत्याचं तोंडही बघवत नव्हतं.

"अंगठा दे," ती म्हणाली.

हात पुढे आला. तिने तो मनगटाशी धरला, अंगठा पॅडवर आणि मग कागदावर दाबला. हात कोरडा होता, थंड, आणि भेगांमध्ये पांढरं साचलेलं. चुना लागला असेल, तिने मनाशी म्हटलं, भिंतीवरचा कच्चाच आहे अजून. ती वळणार तोच त्या हाताने तिचा तळवा धरला, त्यात काहीतरी ठेवलं आणि एक एक करून तिची बोटं मिटली.

ती स्वयंपाकघरात आली. ओट्याजवळ आई-बाबा उभे होते. तिने मूठ उघडली. मिठाचा खडा होता.

न्हाणीचं दार उघडलं. मंदाआत्या बाहेर आली, नऊवारी अर्धी नेसलेली, दातात पिना. "थांब गं जरा," ती पुटपुटली, "निऱ्याच बसत नाहीत मेल्या."

मग तिने हेमांगीच्या हातातला कागद पाहिला आणि दातातल्या पिना खाली पडल्या.

आईने पुढे होऊन गॅलरीच्या दाराची कडी लावली. सावकाश, आवाज होऊ न देता. बाबांनी दोन्ही कागद ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि बऱ्या डोळ्याजवळ नेऊन पाहिले. जुन्या ठशात मधोमध आडवी चीर होती. नव्या ठशातही होती. शाई अजून ओली होती.

"सही कर, हेमा," बाबा म्हणाले. "आता तर खोटं काहीच नाही त्यात."

ते खरं होतं. एक सही, की सगळं नियमात बसत होतं. माणसं पाच होती. सरूबाई इतकी वर्षं गॅलरीत बसून त्यांचं खोटं खरं करत आली होती, हात वर करत होती, आणि अजूनही अंगठा देत होती. हेमांगीने पेन उचललं.

दारावर थाप पडली. गॅलरीकडून. घाई नव्हती त्यात, रागही नव्हता.

"घरान कोनी हाय का?"

पुढून, व्हरांड्यातून काकांची हाक आली. "सायेब, झालं का? मानसं किती लिवू?"

आईचा हात हेमांगीच्या पाठीवर आला. तोच हात, तीच जागा, फक्त आता आईला तो वर उचलावा लागला. "सांग," ती तिच्या कानाशी कुजबुजली. "तेव्हासारखं सांग, बाळा. तुझं ऐकते ती."

हेमांगीने पेन ओट्यावर ठेवलं. मिठाचा खडा तळहातात रुतत होता. तो तिने जिभेखाली धरला, चावला नाही.

"मी सही करणार नाही," ती म्हणाली. आवाज खाली आणायचा तिने प्रयत्नही केला नाही. "आणि तिला मी सांगणार नाही. तेव्हा मी सांगितलं. आता तुम्ही सांगा. तिघांपैकी कुणीही सांगा, या घरात कोण आहे आणि कोण नाही."

मागच्या दारावर पुन्हा थाप पडली. पुढे खुर्ची करकरली, काका उठून उभे राहिले असावेत.

आईने हात काढून घेतला. बाबांनी आत्याकडे पाहिलं, आत्याने जमिनीकडे. मग तिघंही भिंतीला चिकटून गप्प उभे राहिले, त्या तिन्हीसांजेला राहिले होते तसेच.